ताणावरची फुलं

होळी उलटली की शहरातल्या रोपवाटिकांत सामसूम होते. हिवाळ्यात हौसेनं लावलेली पिटुनिया, डायंथस, फ्लॉक्स मार्चअखेर माना टाकतात, शेवंती तर केव्हाच आटोपलेली असते, आणि घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, ‘आता पाऊस येईपर्यंत बाग नुसती जगवायची.’ उन्हाळा म्हणजे बागेचा भाकड काळ, अशी आपली समजूत झालेली आहे. थंडीच्या हंगामी फुलांपुरती ती खरी आहे. बाकी आपल्या हवेत चैत्र-वैशाख हा फुलांचा भरीचा हंगाम. रानात फाल्गुनापासून पळस, पांगारा, काटेसावर पेटलेले असतात. त्यांच्यामागून बहावा पिवळा होतो आणि एप्रिल-मेमध्ये ताम्हण, म्हणजे महाराष्ट्राचं राज्यफूल, जांभळं होतं. यातलं एकही झाड पावसाची वाट पाहत थांबत नाही. घरच्या बागेत हीच परंपरा मोगरा, चाफा, बोगनवेल, कण्हेर आणि मंडळी चालवतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्ह्याबरोबर मोगरा लागतो, तो काही कुणी शीतगृहातून आणलेला नसतो. तेव्हा तो दारात फुलतच असतो.

पाण्याचा थेंब दुर्मीळ झालेला असताना झाडं फुलण्याची चैन कशी करतात? या प्रकरणाचा विषय तोच आहे, आणि त्याचं उत्तर कळलं तर झारी कुठे वाकडी करायची आणि कुठे नाही, हेही आपोआप कळतं.

झाडाचा पाण्याचा खरा खर्च पानांवर होतो. पानांवरची सूक्ष्म छिद्रं हवेतला कार्बन डाय ऑक्साइड आत घेण्यासाठी उघडावीच लागतात, आणि ती उघडली की आतली वाफ बाहेर निसटते. फुलाला असला उद्योग नसतो. त्याचं आयुष्य एक-दोन दिवसांचं, पाकळ्यांवर अशी छिद्रं फार थोडी, तीही बऱ्याचदा नावापुरती. म्हणजे पानं टिकवणं महाग आणि त्या मानानं फुलणं स्वस्त. पानगळीच्या रानातली झाडं हिवाळ्याच्या शेवटी पानं झाडतात, तेव्हा पाण्याची सगळ्यात मोठी गळती थांबते. मुळं खोलवरची ओल ओढतच असतात. ती आता खोडात साठू लागते आणि झोपलेल्या कळ्या फुगायला तेवढी पुरते. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाच्या कोरड्या जंगलात पीटर राइश आणि रॉल्फ बोर्चर्ट यांनी झाडांच्या खोडांचे घेर मोजून हे दाखवलं. पानं गळल्यावर, पावसाचा थेंबही न पडता, आकसलेली खोडं पुन्हा भरतात आणि त्यानंतर फुलं येतात, असं त्यांच्या 1984 च्या निबंधात नोंदलेलं आहे. शिवाय पानांचा पडदा नसला की फूल लांबून दिसतं, मैना-बुलबुलांना आणि माश्यांना शोधत बसावं लागत नाही. पळसासारख्या झाडाच्या शेंगाही मग नेमक्या पावसाच्या तोंडावर तयार होतात.

दुसरं कारण आपल्या बागायतदारांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे. विदर्भातला संत्रावाला आंबिया बहार धरायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडतो. मृग बहार हवा असेल तर ऐन एप्रिल-मेमध्ये बाग तहानलेली ठेवतो. सांगोल्याकडचा डाळिंबवाला हेच करतो. पानं मलूल होतात, थोडी गळतात, नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो. मग खत घालून पाणी सोडलं की अंगभर कळ्या. याला ताण देणं म्हणतात. ताणाच्या काळात शेंड्याची वाढ थांबते, अन्न फांद्यांत साठून राहतं आणि कळीला जाग येण्याची तयारी होते. पावलो अल्विम या ब्राझिली शास्त्रज्ञानं 1960 मध्ये ‘सायन्स’मध्ये कॉफीबद्दल हेच मांडलं. कॉफीच्या झाडाला सतत पाणी मिळत राहिलं तर तयार झालेल्या कळ्या तशाच झोपून राहतात. त्यांना आधी कोरड सोसावी लागते, मग पाणी मिळालं की त्या उमलतात. कोडगूच्या मळ्यांत मार्च-एप्रिलमध्ये पडणाऱ्या सरींची सगळा गाव वाट पाहत असतो ती याचसाठी. पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत मळे पांढरे होतात.

आता घरच्या बागेत येऊ. इथे पहिला मान मोगऱ्याचा, त्यात वाद नाही.

मोगरा नव्या फुटीवर फुलतो. जुन्या, दांडगट फांदीवर कितीही माया केली तरी ती पानंच देणार. म्हणून मोगऱ्याचा उन्हाळा हिवाळ्यात ठरतो. दिवाळीनंतर हळूहळू पाणी कमी करायचं, डिसेंबर-जानेवारीत चांगले पंधरा-वीस दिवस कुंडी कोरडी पडू द्यायची, आणि मग न घाबरता छाटायचं. तामिळनाडूतले मळेवाले नोव्हेंबरअखेर जमिनीपासून जेमतेम 50 सेंटीमीटर ठेवून सगळी झुडपं कापून टाकतात. मदुराईची प्रसिद्ध मल्ली, जिला 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती म्हणजे हाच मोगरा. आपल्याकडे गच्चीवरच्या कुंडीतला मोगरा छाटायला मात्र कुणाचा हात होत नाही. ‘एवढा वाढलाय, कशाला कापायचा?’ या मायेपोटी तो दरवर्षी उंच होतो आणि दरवर्षी कमी फुलतो. छाटल्यावर वरची माती उकरून शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालायची, पाणी सुरू करायचं. फेब्रुवारीत लालसर कोवळे फुटवे दिसतात, मार्चमध्ये त्यांच्या टोकाला कळ्या.

ही टोकं एकदा जवळून बघावीत. बहुधा तीन कळ्यांचा झुबका असतो. मधली कळी सगळ्यात मोठी. ती आधी उमलते, बाजूच्या दोन तिच्यामागून पुढच्या काही दिवसांत. तिन्ही फुलं खुडून झाली की त्या फुटीचं काम संपलं. तिथे एक पानजोडी ठेवून शेंडा खुडला तर खालच्या बेचक्यांतून दोन नवे फुटवे येतात आणि तीन-चार आठवड्यांत त्यांवर पुन्हा कळ्या. मोगऱ्याचा बहर लाटांनी येतो तो या हिशेबानं. ज्यांच्या घरी देवाला आणि केसात माळायला रोज फुलं तोडली जातात त्यांचा मोगरा जास्त फुलतो, याचं कारणही तेच. देवाचा आशीर्वाद असेलच, पण खुडणाऱ्या बोटांचा वाटा मोठा.

मोगऱ्याची कळी सकाळी तोडली तरी संध्याकाळी उमलते आणि तोडल्यावरही रात्रभर गंध तयार करत राहते. म्हणून तर सकाळी काढलेला मोगरा गाडीत घालून दूरच्या बाजारात पाठवता येतो आणि गजरा संध्याकाळी घरी येऊन घमघमतो. गुलाबाचं तसं नाही, त्याच्या पाकळ्यांत जेवढा वास आहे तेवढाच. अत्तरवाल्यांनी या गुणाचा पूर्वापार उपयोग केला आहे. आपल्याकडे फुलांच्या थरांत तीळ ठेवून त्यात वास मुरवत आणि मग त्याचं तेल काढत. युरोपात थिजवलेल्या चरबीवर मोगऱ्याच्या भाऊबंदांची फुलं पसरत. मोगऱ्याच्या वासात लिनॅलूल आणि बेंझिल अॅसिटेट ही गोड द्रव्यं असतात, आणि जोडीला थोडं इंडोल असतं. इंडोल एकटं, जास्त प्रमाणात हुंगलं तर नाक मुरडावं असं प्रकरण आहे, पण त्याच्या चिमटीशिवाय मोगरा मोगऱ्यासारखा वाटत नाही. हा सगळा खटाटोप रात्रीच्या पतंगांसाठी. गंमत म्हणजे आपल्या बागेतल्या मोगऱ्याला, विशेषतः भरगच्च बटमोगऱ्याला आणि हजारी मोगऱ्याला, बी जवळजवळ धरतच नाही. माणसानं फांद्या लावून आणि दाब कलमं करून तो इतकी शतकं वाढवला आहे की आता आमंत्रण जातं, पाहुणे येतात, लग्न मात्र लागत नाही.

कोरड्या हवेत मोगऱ्याला दोन शत्रू. एक लाल कोळी. पानांवर टाचणीनं टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसले की पान उलटून बघावं, बारीक जाळं आणि हलणारे लाल ठिपके दिसतील. औषधाची बाटली शोधण्याआधी चार-पाच दिवस पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा मारावा, निम्मं काम होतं. दुसरी, कळी पोखरणारी अळी. कळी जांभळट पडली आणि तिला बारीक भोक दिसलं तर ती तोडून नष्ट करायची, झाडाखाली टाकून द्यायची नाही.

मोगऱ्याला हिवाळ्यात ताण आणि उन्हाळ्यात भरपूर पाणी लागतं. बोगनवेलीचं वेगळं आहे, तिला ऐन उन्हातही थोडं उपाशी ठेवावं लागतं. ज्यांची बोगनवेल ‘नुसती पालेदार वाढते हो, फूल म्हणून नाही’, त्यांच्या घरी तिला रोज पाणी मिळत असतं, हे न विचारता सांगता येतं. महामार्गाच्या दुभाजकावर, डांबर तापून वितळायला आलेलं असताना, टँकरचं पाणी येईल तेव्हा येईल अशा हालतीत ती गुलाबी-किरमिजी होऊन बसते. घरी ती कुंडीत मुळांची दाटी होऊ देऊन, कडक उन्हात ठेवून आणि पानं किंचित लुळी पडल्याखेरीज पाणी न देता वाढवावी. नत्राचं खत तर अजिबात नको.

तिचा रंग फुलाचा नाहीच. तीन रंगीत कागदी पानं, आणि प्रत्येकाच्या मधल्या शिरेला चिकटलेली एक बारीक नळी, जिचं टोक पांढरं चांदणीसारखं उमलतं. ती नळी म्हणजे फूल. फूल वाळून गेलं तरी रंगीत पानं टिकतात, म्हणून बहर महिनाभर चालल्यासारखा वाटतो. हा रंगही बहुतेक लाल-जांभळ्या फुलांत असतो तसला नाही, तो बिटाच्या रंगद्रव्यांच्या घराण्यातला आहे. बोगनवेल आणि बीट वनस्पतींच्या एकाच मोठ्या गणात मोडतात.

ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेची. फ्रेंच दर्यावर्दी लुई आंत्वान द बुगँव्हिल पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला होता, त्याच्या ताफ्यातल्या फिलिबेर कोमेर्सों या वनस्पतीतज्ज्ञाला 1767 मध्ये रिओ द जानेरोजवळ ती मिळाली आणि वेलीला कप्तानाचं नाव मिळालं. कोमेर्सोंची तब्येत यथातथाच. त्याच्याबरोबर ओझी वाहणारा, काट्याकुट्यांतून नमुने गोळा करणारा जो नोकर होता तो प्रत्यक्षात झान बारे नावाची बाई होती. फ्रेंच आरमाराच्या जहाजांवर बायकांना मज्जाव असल्यानं ती पुरुषवेशात वावरत होती. पुढे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारी पहिली स्त्री म्हणून तिची नोंद झाली. एका वनस्पतीला तिचं नाव मिळायला मात्र 2012 साल उजाडलं, आणि तीही बोगनवेल नव्हे, वांग्याच्या कुळातली एक रानवेल. आपल्या कुंपणावरच्या वेलीचं नाव बारेवेल असतं तर मला जास्त आवडलं असतं.

चाफ्याची तऱ्हा आणखी वेगळी. हा पांढरा चाफा, कुणी खुरचाफा म्हणतात, कुणी देवचाफा. देवळाच्या आवारात तो इतका मुरलेला आहे की तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडून आलेला आहे हे सांगितलं तर लोकांना पटत नाही. त्याच्या जाड, मांसल फांद्या म्हणजे पाण्याच्या टाक्या. हिवाळ्याच्या शेवटी तो पानं टाकून बोडका होतो, आणि त्याच बोडक्या फांद्यांच्या टोकांना मार्च-एप्रिलमध्ये फुलांचे गेंद येतात. फुलांचा तुरा फांदीच्या टोकालाच येत असल्यानं ती फांदी तिथेच थांबते. मग तुऱ्याच्या खालून दोन-तीन नव्या फांद्या फुटतात. म्हणजे चाफ्याचा प्रत्येक फाटा म्हणजे एकेका जुन्या बहराची जागा. खालपासून वरपर्यंत फाटे मोजत गेलात तर ती फांदी आजवर किती वेळा फुलली ते साधारण कळतं.

या फुलात मध नाही. रात्री वास सोडून तो मोठ्या सोंडेच्या पतंगांना बोलावतो. पतंग एका फुलातून दुसऱ्यात सोंड घालून बघतात, हाती काही लागत नाही, आणि त्या फेऱ्यांत परागीभवन उरकतं. विल्यम हेबर यांनी 1984 मध्ये, पुन्हा कोस्टा रिकातच, ही लबाडी उघडकीला आणली. आपल्याकडे चाफ्याला शेंगा क्वचितच धरतात, फांदी लावूनच तो वाढतो. त्यासाठी उन्हाळ्यासारखा काळ नाही. हातभर फांदी कापायची, चीक ओघळू द्यायचा, सावलीत आठवडाभर पडू द्यायची म्हणजे कापलेली बाजू सुकते, आणि मग जवळजवळ कोरड्या मातीत रोवायची. ताजी फांदी ओल्या मातीत खोचली तर कुजते. लोकांचा चाफा लागत नाही तो दुर्लक्षामुळे नव्हे, पाणी घालण्याच्या उत्साहामुळे.

कण्हेरीबद्दल थोडक्यात, पण तिचं पान भिंगाखाली पाहण्यासारखं आहे. पानाच्या मागे फिकट, लवदार ठिपके दिसतात. ते खड्डे आहेत. इतर झाडांची छिद्रं पानाच्या पृष्ठभागावर उघडतात, कण्हेरीची या खड्ड्यांच्या तळाशी असतात आणि खड्ड्यात केसांचं जंगल. तापलेला वारा वरून निघून जातो, आतली दमट हवा आत राहते. शाळा-कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत कोरडवाहू पानाचं चित्र म्हणून कण्हेरच असते ती यामुळे. सगळं झाड विषारी आहे, गुरं तोंड लावत नाहीत. रांगतं मूल किंवा पान चघळण्याची सवय असलेला कुत्रा घरात असेल तर ती कुंपणाबाहेरच शोभते.

सकाळी नऊ-दहाला उघडणारं आणि दुपारी मिटणारं ते ‘ऑफिस टाइम’, कुणी त्याला चिनी गुलाब म्हणतं, तेही दक्षिण अमेरिकेचंच. आपल्या घोळाच्या भाजीचं ते सख्खं भावंड. पानं बोटानं दाबली तर पाणी सुटतं. या दोघांकडे एक विशेष कसब आहे. एरवी ती ऊस-मक्याच्या काटकसरी पद्धतीनं अन्न तयार करतात. पाणी तुटलं की काही प्रमाणात निवडुंगाची पद्धत उचलतात, म्हणजे रात्री कार्बन डाय ऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा दारं लावून तो वापरायचा. या रात्रपाळीचा एक जुना पुरावा भारतातल्याच एका बागेतला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला जन्मानं जर्मन वनस्पतीतज्ज्ञ बेंजामिन हेन याला पानफुटीची पानं चाखून बघायची सवय होती. तेच पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडवट, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याचं हे पत्र 1815 मध्ये लंडनच्या लिनिअन सोसायटीनं छापलं. त्यामागचं पुरतं रसायन उलगडायला पुढे शतकाहून जास्त काळ लागला. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, तेव्हा हेनसाहेबांचा प्रयोग त्यांच्यापुरताच ठेवावा.

सदाफुली आणि मधुमालती कुणी न सांगता उन्हाळा काढतात, त्यांची काळजी करू नये. मधुमालतीकडे संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहून बघावं एवढंच. नवं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, तिसऱ्या दिवशी लाल. एकाच घोसात तीन दिवस टांगलेले असतात. पांढऱ्यावर रात्री पतंग, गुलाबी-लालवर दिवसा मधमाश्या आणि फुलपाखरं.

आता ज्यांना ताण सोसत नाही अशांची गोष्ट. जास्वंद त्यांत पहिली. पानं मोठी, पातळ, खड्डे नाहीत, टाक्या नाहीत. फूल एक दिवसाचं, म्हणजे रोज नवी कळी पोसायची. तिची माती एक दिवस कडकोट आणि दुसऱ्या दिवशी चिखल झाली की वाटाण्याएवढ्या कळ्या पिवळ्या पडून गळतात. लोक मग खत घालतात. खताचा इथे काही संबंध नाही, तिला हवी असते रोजची, एकसारखी ओल. उन्हाळ्यात शेंड्यांवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी त्याला जपतात, म्हणून मुंग्यांची वाट तोडल्याशिवाय नुसती फवारणी टिकत नाही. अनंताचं दुखणं वेगळं. त्याला आम्लट माती आणि दमट हवा लागते. पुण्या-सोलापूरकडच्या कोरड्या वाऱ्यात आणि बोअरच्या जड पाण्यावर त्याची पानं पिवळी पडतात आणि कळ्या न उमलताच तपकिरी होतात. कोकणात तोच अनंत विहिरीच्या कडेला कुणी न बघता पांढराशुभ्र फुलतो.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. पाऊस कोकणातही नसतो आणि देशावरही नसतो, पण कोकणातली हवा एप्रिलमध्येही ओलसर असते. देशावर दुपारी हवेतली आर्द्रता पार खाली जाते. त्यामुळे ‘आठवड्यातून किती वेळा पाणी?’ या प्रश्नाला सगळीकडे चालेल असं उत्तर नाही. सिंधुदुर्गातल्या परसात फेब्रुवारीपासून सुरंगी फांद्यांच्या अंगालाच लगडते. पहाटे, कळ्या उमलण्याआधी, त्या काढून वळेसार गुंफतात. त्या झाडाला कुणी झारीनं पाणी घातल्याचं दिसणार नाही. तिथली आणि गोव्यातली अबोली मात्र थोड्या शिंपणावर उन्हाळाभर फुलते. तिची वाळलेली बोंडं तोडू नयेत. पावसाची वाट बघण्याची तिची पद्धत न्यारी आहे. वाळलेल्या बोंडावर पाण्याचा थेंब सोडला तर थोड्या वेळानं ते टचकन फुटतं आणि बिया लांब उडतात. म्हणजे बी कोरड्या मातीत पडून वाया जात नाही, ओल आली की मगच सुटतं.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. देशावर मे महिन्यात उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला 10 मिलिमीटरच्या आसपास आटतं. 30 सेंटीमीटर तोंडाच्या कुंडीचा नुसता पृष्ठभाग धरला तरी हे साधारण पाऊण लिटर झालं. पानांचा खर्च वेगळा. म्हणून मातीवर वाळक्या पाल्याचा चार बोटं थर पसरणं हे पाणी घालण्याइतकंच महत्त्वाचं. नारळाची सोडणं, उसाचं पाचट, काहीही चालतं. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून उडतं, पण त्यानं मुळं गार राहतात. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत पाणी टिकतं आणि मुळं शिजतात. ती कुंडी दुसऱ्या कुंडीच्या सावलीत सरकवावी, किंवा तिला पोत्याचं तरट गुंडाळावं. गावाला जायचं असेल तर मोठ्या कुंडीत तोंडापर्यंत पुरलेलं, आतून-बाहेरून झिलई नसलेलं, पाण्यानं भरलेलं मातीचं मडकं अजूनही उत्तम. ही युक्ती चीनमध्ये फान शंग-चि यानं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात लिहून ठेवली आहे. तो मडक्याभोवती खरबुजं लावायचा.

दुपारी पाणी घालू नये हे खरं, कारण बरंच उडून जातं. पण ‘थेंबांचं भिंग होऊन पानं जळतात’ हे खरं नाही. हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये हे तपासलं. गुळगुळीत पानावर थेंब पसरतो, किरण पानाच्या खाली कुठेतरी एकवटतात आणि तोवर थेंब आटलेला असतो. दाट केसांवर थेंब अधांतरी राहतो अशा पानांना तेवढा धोका. तेव्हा दुपारी जास्वंदीनं मान टाकलेली दिसली तर पाणी घालायला हरकत नाही. मात्र त्याआधी बोट दोन पेरं मातीत घालून बघावं. माती ओली असताना झाड दुपारी लुळं पडत असेल तर ती तात्पुरती तडजोड आहे, संध्याकाळी ते आपणहून उभं राहतं. अशा ओल्या कुंडीत रोज भर घालत राहिलं की मुळं गुदमरतात आणि मग झाड खरोखर मरतं. उन्हाळ्यात कुंड्या मरतात त्यांतल्या बऱ्याच पाण्यानं मरतात, असं माझं मत आहे.

मेच्या मध्यावर बागेत एक पाहुणा जमिनीतून वर येतो. त्याला मे फ्लॉवर म्हणतात, फुटबॉल लिलीही. आफ्रिकेतला हा कंद हिवाळ्यात पानं वाळवून मातीत गुडुप होतो. कुंडी रिकामी समजून कुणी त्यात दुसरं काही लावतं, आणि एक दिवस मातीतून ठिपक्यांचा जाड दांडा निघून त्यावर लालभडक गोल उमलतो, शंभर-दोनशे बारीक फुलांचा मिळून एक. फूल आधी, पानं मागून. वर्षभराची शिदोरी कंदात असल्यानं त्याला या वेळी पाणी फारसं लागत नाही. फूल सुकल्यावर येणारी पानं मात्र पिवळी पडेपर्यंत कापू नयेत, पुढच्या मेचं फूल त्या पानांच्या कमाईवर येतं. रेन लिलीचाही कारभार असाच, फक्त ती तारखेपेक्षा वळवाच्या सरीवर भरवसा ठेवते. सर पडून गेली की तीन-चार दिवसांत गुलाबी फुलं. नळाचं पाणी घालून ती इतक्या एकदिलानं उठत नाही, हा बहुतेक बागवाल्यांचा अनुभव.

वळीव सुरू झाले की ताणावरच्या मंडळींचं बिघडायला लागतं. बोगनवेल रंग टाकून हिरवी होते, ते साहजिक आहे. मोगऱ्याचा शेवटचा मोठा बहर साधारण याच सुमाराला येऊन जातो. जपायचं ते अडेनियमला. मूळ अरबस्तान आणि आफ्रिकेच्या रखरखीत पट्ट्यातलं, बुडाशी फुगलेलं हे झाड सगळा उन्हाळा गुलाबी फुलं देतं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाण्यानं कुजून जातं. मे संपायच्या आत त्याचा फुगलेला बुंधा अंगठ्यानं दाबून बघावा. टणक असेल तर कुंडी वळचणीला, पावसाचा मारा लागणार नाही पण ऊन मिळेल अशा जागी हलवावी आणि पावसाळाभर माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी देऊ नये. दबला तर लगेच उपटून कुजका भाग पांढरा गर लागेपर्यंत कापावा, त्यावर हळद किंवा बुरशीनाशकाची पूड लावावी, आणि दहा-बारा दिवस सावलीत कोरडा पडू द्यावा. मग तो पुन्हा वाळूमिश्रित मातीत लावता येतो.